नळीचे आयुष्य : जुने कॅनिस्टर व्हॅक्यूम क्लीनर जमवणे आणि वापरणे

जुन्या घरगुती यंत्रांच्या संग्रहांत व्हॅक्यूम क्लीनरची जागा थोडी अडचणीची आहे. घड्याळ चालते की नाही हे काट्यांवरून दिसते, रेडिओ लागला की कानांना कळते, शिलाई यंत्राची परीक्षा चिंधीवर चार टाके घालून होते. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर गुणगुणू लागली म्हणून तो कामाचा आहे असे मात्र म्हणता येत नाही, कारण त्याचे खरे काम मोटरने खेचलेल्या हवेत असते आणि ती हवा वाटेत कुठे गळते, कुठे अडते, हे बाहेरून पाहणाऱ्याला समजत नाही. त्यामुळे ही यंत्रे जमवणाऱ्यांचे उघड दोन पक्ष पडतात. एक पक्ष क्रोमची चकाकी, मूळ रंग, मूळ खोके आणि छापील माहितीपत्रक यांवर समाधानी असतो. दुसरा पक्ष त्याच यंत्राने दर आठवड्याला घर झाडतो आणि मगच त्याच्याविषयी बोलतो. प्रस्तुत विवेचन दुसऱ्या पक्षाच्या अनुभवाचे आहे, आणि त्या अनुभवाचा गाभा असा की, जमवताना डोळ्यांत भरतो तो धातूचा डबा, पण वापरताना सगळा वेळ, पैसा आणि चिंता खर्ची पडते ती रबर, कापड आणि कागद यांवर.

कॅनिस्टर या प्रकारात मोटर, पंखा आणि धुळीची पिशवी एका आडव्या नळकांड्यात किंवा उभ्या डब्यात बसवलेली असते. तो डबा चाकांवर किंवा घसरपट्ट्यांवर जमिनीवर राहतो आणि साफ करणाऱ्याच्या हाती लवचीक नळी, धातूची दांडी व तिच्या टोकाचे तोंड एवढेच येते. अमेरिकेत आडव्या नळकांड्याला 'टँक' असेही म्हणत. याच्या उलट 'अपराइट' प्रकारात मोटर आणि फिरता ब्रश जमिनीलगतच्या डोक्यात असतात आणि पिशवी उभ्या दांड्याला टांगलेली असते. दोन्ही प्रकारांचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येतो. लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ याने 1901 मध्ये हवा ओढून धूळ काढणारे यंत्र तयार केले, परंतु ते घोडागाडीवर बसवलेले, इंजिनावर चालणारे धूड होते. ते रस्त्यात उभे राही आणि त्याच्या लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात नेल्या जात. अमेरिकेत ओहायो राज्यातील कँटन येथे एका दुकानात साफसफाईचे काम करणाऱ्या जेम्स मरे स्पँग्लर याने हाताने ढकलता येईल असे विजेचे यंत्र बनवले, 1908 मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि त्याचे हक्क चामड्याच्या वस्तूंचा धंदा करणाऱ्या हूवर घराण्याकडे गेले. अपराइटची परंपरा तिथून चालू झाली. कॅनिस्टरची परंपरा स्वीडनची आहे. ॲक्सेल वेन्नर-ग्रेन याच्या पुढाकाराने 1919 मध्ये इलेक्ट्रोलक्स कंपनी उभी राहिली आणि 1921 मध्ये तिने 'मॉडेल फाइव्ह' बाजारात आणले. आडवे नळकांडे, खाली घसरपट्ट्या, पुढच्या तोंडाला नळी आणि मागच्या तोंडातून बाहेर पडणारी हवा, ही त्यातली रचना पुढची अनेक दशके मूलतः तशीच राहिली.

अपराइट आणि कॅनिस्टर यांपैकी कोणते यंत्र घ्यायचे हे पुष्कळसे घरातली जमीन ठरवते. अमेरिकेतील घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरण्याची चाल पसरली तसा अपराइटचा फिरता ब्रश सोयीचा ठरला, कारण गालिच्याच्या मुळाशी बसलेली रेती केवळ हवेच्या ओढीने सुटत नाही, ती आधी झटकून वर आणावी लागते. लाकडी किंवा फरशीची जमीन, पायऱ्या, पडदे, पुस्तकांची कपाटे आणि पलंगाखालची जागा येथे मात्र कॅनिस्टरच्या लांब दांडीला तोड नाही. अमेरिकी इलेक्ट्रोलक्सने 1960 च्या दशकात विजेवर फिरणारा ब्रश असलेले वेगळे तोंड देऊन गालिच्यावरची ही उणीव भरून काढली. त्यासाठी नळीच्या अंगाने विजेची तारही न्यावी लागली, आणि त्या दिवसापासून नळी ही केवळ हवेची वाट न राहता विजेचीही वाट झाली. जुनी यंत्रे दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीने हा बदल फारसा आनंदाचा नव्हे.

संग्राहकांत ज्या यंत्रांना मान आहे त्यांत इलेक्ट्रोलक्सचे 1937 मधले 'मॉडेल थर्टी' अग्रभागी येते, ज्यावर तीन एक्स रोमन आकड्यांत लिहिलेले असतात. ल्यूरेल गिल्ड या औद्योगिक रचनाकाराने त्याला आगगाडीच्या इंजिनासारखा निमुळता, वाऱ्याला कापत जाणारा आकार दिला. क्रोमचा मुलामा, चकचकीत ॲल्युमिनियम, मधल्या अंगाला चामड्यासारखे दिसणारे आवरण आणि खाली धातूच्या घसरपट्ट्या, अशा थाटाचे हे यंत्र आज कलासंग्रहालयांतही ठेवलेले आढळते. जे यंत्र खोलीत पावलाच्या गतीने फरफटत न्यायचे त्याला वाऱ्याला कापणाऱ्या आकाराची गरज काय, हा प्रश्न त्या काळच्या ग्राहकाला पडला नसावा. त्या दशकात पेन्सिलीला टोक करण्याच्या यंत्रापासून इस्त्रीपर्यंत सगळ्यांनाच वेगाचे वेड लागले होते. स्वीडनमध्ये साब 92 या मोटारीचा आकार घडवणाऱ्या सिक्स्टन सासॉन याने इलेक्ट्रोलक्ससाठी व्हॅक्यूम क्लीनरही घडवले. हूवरचे 1950 च्या दशकातले 'कॉन्स्टेलेशन' हे गोळ्याच्या आकाराचे यंत्र तर स्वतःच बाहेर सोडलेल्या हवेच्या गादीवर किंचित उचलले जाऊन तरंगत मागे येते. हे तरंगणे गुळगुळीत, सपाट जमिनीवर खरोखर सुखाचे असते; उंबरठा आला की हवेची गादी फुटते आणि यंत्र आपल्या पुऱ्या वजनानिशी खाली बसते. ब्रुकलिनमध्ये यंत्रे बनवणाऱ्या ॲलेक्झांडर ल्यूइट याने 1955 मध्ये दहा वर्षांत अणुशक्तीवर चालणारे व्हॅक्यूम क्लीनर येतील असे भाकीत केले होते. ते खरे ठरले नाही हे बरेच झाले, पण त्याच्या कंपनीची साधी विजेवरची यंत्रे अजूनही चालती सापडतात.

ही यंत्रे मिळतात कुठे, हा प्रश्न अमेरिकेपुरता सोपा आहे. कुटुंबातील वृद्ध व्यक्ती वारल्यावर किंवा वृद्धाश्रमात गेल्यावर घरातले सगळे सामान घरातच मांडून विकण्याची तिथे पद्धत आहे, तिला 'इस्टेट सेल' म्हणतात. तळघरात किंवा जिन्याखालच्या कपाटात चाळीस-पन्नास वर्षे पडून राहिलेले कॅनिस्टर अशा विक्रीत निघते. अमेरिकी इलेक्ट्रोलक्स दुकानांतून न विकता दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांमार्फत विकले जाई, किंमत भारी असे, आणि म्हणून घेणाऱ्याने ते जपलेले असे; अनेकदा त्याच्यासोबत सगळी तोंडे, भिंती व पडद्यांसाठीचा घोड्याच्या केसांचा गोल ब्रश, फटीत घालायची चपटी नळी, एवढेच नव्हे तर यंत्राच्या मागच्या तोंडाला नळी जोडून उलट फुंकलेल्या हवेने रंग किंवा पॉलिश फवारण्याचे भांडेही मूळ खोक्यात मिळते. हे फवारणीचे भांडे बहुधा कोरे असते. विक्रेत्याने प्रात्यक्षिकात ते दाखवले असेल, घेणाऱ्याला ते आवडले असेल, आणि त्यानंतर त्या घरात कोणी भिंत रंगवायला व्हॅक्यूम क्लीनर काढला नसेल, असा तर्क त्यावरून सहज करता येतो.

यंत्र घरी आणल्यावर पहिले काम ते चालू करण्याचे नसते. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या वायरीवरचे रबर वाकवताच तुकडे होऊन गळते आणि आतली तांब्याची तार उघडी पडते. त्या काळच्या बहुतेक यंत्रांना अर्थिंग नाही, प्लग दोन पिनांचा आणि अंग मात्र धातूचे, म्हणजे आत कुठे वाहकाचा धातूला स्पर्श झाला तर झटका थेट धरणाऱ्याला. काही यंत्रांत रेडिओवरचा खरखराट दाबण्यासाठी स्विचजवळ कागदी कपॅसिटर बसवलेला असतो. जुना झाल्यावर तो थोडी थोडी वीज अंगाकडे झिरपू देतो आणि क्रोमवर हात ठेवल्यास मुंग्या आल्यासारखे वाटते. म्हणून वायर बदलणे, कपॅसिटर काढणे किंवा नवा बसवणे आणि झिरपती वीज ओळखून पुरवठा तोडणाऱ्या सुरक्षा स्विचच्या मागेच यंत्र लावणे, हे आधी करावे लागते. त्यानंतर आपल्याकडच्या इलेक्ट्रिशियनांच्या बाकावर असतो तसा सिरीज बोर्ड कामी येतो. यात विजेच्या वाटेवर यंत्राच्या आधी एक मोठा साधा बल्ब जोडलेला असतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि यंत्र वाचते, सारे ठीक असेल तर बल्ब मंद राहतो आणि मोटर हळूहळू, जडपणे फिरू लागते. पन्नास वर्षांनी फिरणाऱ्या मोटरला ही मंद सुरुवात मानवते. बेअरिंगमधले ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असते, आणि त्याला एकदम पूर्ण वेगाने फिरवणे म्हणजे बेअरिंग खाऊन टाकणे.

या मोटरला 'युनिव्हर्सल' मोटर म्हणतात, कारण ती एसी आणि डीसी दोन्ही प्रवाहांवर चालते. अनेक शहरांत दोन्ही प्रकारचा पुरवठा होता त्या काळात ही सोय मोलाची होती, आणि आजही तिचा एक फायदा असा की 60 हर्ट्झच्या अमेरिकेसाठी बनवलेले यंत्र भारताच्या 50 हर्ट्झवर कुरकुर न करता चालते. फक्त दाबाचा फरक सांभाळावा लागतो: 120 व्होल्टच्या यंत्राला 230 व्होल्टवर जोडले तर ते काही क्षण भयंकर जोमाने चालून कायमचे बंद पडते, म्हणून त्याच्या भाराला पुरून उरेल असा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मध्ये घ्यावा लागतो. मोटरच्या फिरत्या भागावर, म्हणजे आर्मेचरवर, तांब्याच्या पट्ट्यांचे एक कडे असते, त्याला कम्युटेटर म्हणतात, आणि त्यावर दोन बाजूंनी कार्बनचे ठोकळे टेकून वीज आत पोचवतात. हे कार्बन झिजण्यासाठीच असतात. ते बदलले की त्यांचे सपाट टोक कड्याच्या गोलाईशी जुळेपर्यंत निळसर ठिणग्या उडतात, मग त्या मंदावतात. कडे काळे पडले असेल तर ते अतिशय बारीक सॅंडपेपरने घासावे, एमरी पेपरने नव्हे, कारण एमरीचे वीजवाहक कण पट्ट्यांमधल्या फटींत अडकले तर दोन पट्ट्या जोडल्या जातात. ही खूणगाठ मोटर रिवाइंड करणारा कोणताही जुना कारागीर पहिल्याच दिवशी शिकाऊ पोराला बांधून देतो.

इथवरचे काम कौशल्याचे असले तरी त्याला अंत आहे. मोटर एकदा उघडून, धुऊन-पुसून, ग्रीस भरून बंद केली की ती पुढची कित्येक वर्षे तक्रार करत नाही. नळीचे तसे नसते.

त्या काळच्या नळीचा छेद घेतला तर आत पोलादी तारेची लांब वेटोळी दिसतात, तिच्यावर रबर चढवलेल्या कापडाचे अस्तर असते आणि सर्वांत बाहेर सुती किंवा तत्सम धाग्यांची, अनेकदा दुरंगी नक्षीची, वीण असते. बाहेरची वीण दिसायला सुंदर आणि कमालीची टिकाऊ असते, आणि फसवणूक होते ती नेमकी तिथेच. आतले रबर प्राणवायू, ओझोन आणि उष्णता यांनी कडक होऊन वळणांच्या जागी भेगाळते, पण वरची वीण त्या भेगा झाकून ठेवते, आणि घेणाऱ्याला नळी नवी कोरी वाटते. प्रत्यक्षात हवा टोकाकडून येण्याऐवजी वाटेतल्या शेकडो भेगांतून आत घुसत असते. डब्याच्या तोंडाशी तळहात धरला तर तो घट्ट ओढला जातो आणि दांडीच्या टोकाशी धरला तर नुसता गार वारा लागल्यासारखे होते. गळती कुठे आहे हे शोधण्याचा उत्तम उपाय उदबत्ती. यंत्र चालू करून दांडीचे टोक अर्धवट झाकावे आणि पेटलेली उदबत्ती नळीच्या अंगालगत सावकाश न्यावी. जिथे अस्तर फाटले असेल तिथे सरळ वर जाणारी धुराची रेघ अचानक आडवी होऊन विणीत शिरते. बहुतेक वेळा पहिली जागा डब्याजवळच्या धातूच्या टोपणापासून वीतभर अंतरावर सापडते, कारण यंत्र पुढे आणायचे म्हणून प्रत्येक जण नळीलाच हिसका देतो आणि तो हिसका त्या एका वळणावर येतो.

कानांनाही ही गळती ओळखता येते, फक्त त्यासाठी एक उलटे वाटणारे तत्त्व लक्षात ठेवावे लागते. टोक पूर्ण बंद केले की मोटरचा आवाज चढतो, आणि नवखा वापरणारा समजतो की मोटरवर ताण पडला. खरे तर हवा वाहायची थांबल्यामुळे पंख्यावरचा भार कमी झालेला असतो आणि हलकी झालेली मोटर अधिक वेगाने फिरू लागते. म्हणून टोक हाताने झाकल्यावरही आवाज जराच चढला, किंवा चढलाच नाही, तर हवा दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने येते आहे हे निश्चित. सरावलेला संग्राहक विक्रीच्या ठिकाणी एवढी एकच परीक्षा करतो आणि तिच्यावर किंमत ठरवतो.

फाटलेल्या नळीचे काय करायचे यावर मतभेद तीव्र आहेत. काहींच्या मते मूळ नळी काढली की यंत्राचे मूल्य गेले. काही जण वीण तशीच ठेवून आत नवे पातळ अस्तर ओढून घेतात, ज्यात नळीचा आतला व्यास थोडा घटतो आणि हवेचा प्रवाह कमी होतो. काही जण मूळ धातूची टोपणे काढून आजच्या प्लॅस्टिक नळीवर बसवतात. वापरण्याच्या दृष्टीने तिसरा मार्गच रास्त म्हटला पाहिजे. फाटकी मूळ नळी गुंडाळून, चिठ्ठी लावून पेटीत ठेवावी आणि रोजच्या कामाला नवी लावावी. संग्रहालयीन निष्ठा पेटीत सुरक्षित राहते आणि जमीनही साफ होते. ज्यांना हे मान्य नाही त्यांचे यंत्र बहुधा फडताळात असते.

पिशवीची गोष्ट वेगळी आहे आणि ती संग्राहकाच्या सुदैवाने चांगली आहे. सुरुवातीची यंत्रे कापडी पिशवीची होती. ती अंगणात नेऊन उलटी करून झटकावी लागे, आणि झटकणाऱ्याच्या नाकातोंडात घरातली निम्मी धूळ परत जाई. 1950 च्या दशकात अमेरिकी इलेक्ट्रोलक्सने कागदी पिशवी आणि तिच्या जोडीला पिशवी भरली की यंत्र आपोआप बंद करणारी युक्ती आणली. पिशवीची छिद्रे भरत गेली की तिच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबांत फरक वाढतो. तो फरक एका पातळ पडद्याला ढकलतो, पडदा कळ सोडतो, मोटर थांबते आणि पुढचे झाकण फट्कन उघडते. त्या मालिकेतील यंत्रांना लागणारी 'स्टाइल सी' नावाची पिशवी आजही नवी बनते आणि विकत मिळते; एखाद्या कंपनीने पिशवीचे माप बदलले नाही म्हणून पन्नास-साठ वर्षांपूर्वीची यंत्रे वापरात राहिली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. ज्या कंपन्यांनी दर चार वर्षांनी माप बदलले त्यांची तितकीच दणकट यंत्रे केवळ पिशवीअभावी भंगारात गेली. एक खबरदारी मात्र हवीच. जुनी यंत्रे बाहेर सोडणाऱ्या हवेला जवळजवळ गाळत नाहीत. सूक्ष्म धूळ कागदातून पार होऊन पुन्हा खोलीत पसरते आणि दमेकऱ्यांना ती त्रास देते. आजच्या अनेकपदरी कृत्रिम कापडाच्या पिशव्या जुन्या यंत्रात बसवल्या तर हा दोष बराच कमी होतो, आणि हवेचा प्रवाहही त्यांत कागदापेक्षा अधिक काळ मोकळा राहतो. घेतलेल्या यंत्रात आधीच्या मालकाची भरलेली पिशवी निघाली तर ती मास्क लावून, घराबाहेर, न झटकता बंद करून टाकावी. कुतूहल म्हणून ती उघडून पाहण्यात अर्थ नाही.

यंत्र किती ओढते हे मोजण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. पुरुषभर उंचीच्या फळीवर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकारात बांधावी, तिच्यात निम्म्यापर्यंत कुंकू कालवलेले पाणी भरावे आणि एक तोंड यंत्राच्या बंद केलेल्या नळीला जोडावे; दोन बाजूंच्या पाण्याच्या उंचीतला फरक म्हणजे त्या यंत्राची बंद अवस्थेतली ओढ. वातावरणाचा दाब सुमारे 10.3 मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरतो, म्हणजे परिपूर्ण निर्वाताची ती कमाल मर्यादा. जुनी घरगुती यंत्रे साधारणपणे एक ते दोन मीटरच्या दरम्यान राहतात. परंतु या आकड्यावर भाळू नये. टोक बंद असताना ओढ सर्वाधिक असते आणि हवेचा प्रवाह शून्य. टोक पूर्ण उघडे असताना प्रवाह सर्वाधिक असतो आणि ओढ जवळजवळ नाहीच. धूळ निघते ती या दोन टोकांच्या मधल्या कुठल्या तरी अवस्थेत, जिथे ओढ आणि प्रवाह यांचा गुणाकार मोठा असतो. मोटरच्या वॅटचा आकडा तर याहूनही कमी सांगतो, कारण तो यंत्र किती वीज खाते ते सांगतो, किती धूळ उचलते ते नाही. युरोपीय संघाने सप्टेंबर 2014 पासून व्हॅक्यूम क्लीनरवर 1600 वॅटची आणि सप्टेंबर 2017 पासून 900 वॅटची मर्यादा घातली तेव्हा बरीच ओरड झाली. घट्ट झाकणाची, कमी वॅटची जुनी कॅनिस्टर रोज वापरणाऱ्यांना त्या ओरडीचे काहीसे हसू आले असल्यास नवल नाही.

वापरण्याच्या या हट्टामागे आणखी एक कारण आहे. पडून राहिलेले यंत्र टिकते ही समजूत चुकीची आहे. ग्रीस एका जागी गोठते, कार्बन आपल्या खोबणीत अडकतो, रबर एकाच वळणावर दबून राहते. म्हणून अनेक संग्राहक यंत्रांची पाळी लावतात आणि आठवड्याच्या सफाईला दर वेळी वेगळे यंत्र काढतात. अमेरिकेत मिझुरी राज्यातील सेंट जेम्स येथे व्हॅक्यूम क्लीनरचे संग्रहालय आहे. त्याच राज्यातील सेंट लुइसच्या फॉक्स थिएटरमध्ये ऑर्गन वाजवणारे स्टॅन कॅन यांनी आपल्या संग्रहातली जुनी यंत्रे दूरचित्रवाणीवर जॉनी कार्सन यांच्या कार्यक्रमात नेली आणि ती तिथे नीट न चालण्यावरच प्रेक्षकांना हसवत ठेवले. या छंदाला लोकांनी पहिल्याने विनोद म्हणून स्वीकारले, त्यात कॅन यांचा वाटा मोठा आहे, आणि छंद गंभीरपणे करणाऱ्यांनी त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रापुरता विचार केला तर या कुळातले परिचित यंत्र म्हणजे युरेका फोर्ब्जचे युरोक्लीन. तेव्हा टाटा समूहात असलेली फोर्ब्ज कंपनी आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून 1982 मध्ये ही कंपनी स्थापन झाली, आणि गळ्यात टाय बांधून दारावरची घंटा वाजवणारा विक्रेता मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय वस्त्यांत ओळखीचा झाला. गादीवरून तोंड फिरवून निघालेली धूळ घरच्या बाईपुढे मांडणे हा त्याच्या प्रात्यक्षिकाचा हुकमी भाग असे. पण शहाबादी किंवा मोझाइकच्या फरशीवर केरसुणी आणि ओले फडके यांनी जे काम दहा मिनिटांत होते त्यासाठी माळ्यावरून डबा उतरवण्याचा उत्साह फार दिवस टिकला नाही, आणि अनेक घरांत ते यंत्र दिवाळीच्या साफसफाईपुरते खाली येऊ लागले. वापर कमी झाल्यामुळे मोटरी शाबूत राहिल्या. समुद्रालगतच्या दमट हवेने मात्र पिशव्यांना बुरशी आणली आणि रबराच्या कडा चिकट केल्या. शिवाय आपल्याकडची धूळ वेगळी आहे. शेजारच्या बांधकामावरून येणारी सिमेंटची भुकटी इतकी बारीक असते की पिशवी निम्मी रिकामी असतानाच तिची छिद्रे बुजतात, आणि यंत्र बिघडले असे समजून ते परत माळ्यावर जाते. अशा वेळी पिशवी बदलणे हाच बहुधा सगळा उपाय असतो. घसरपट्ट्यांची जुनी यंत्रे फरशीवर ओढली तर ओरखडे उठतात, म्हणून पट्ट्यांखाली फेल्टची पट्टी चिकटवावी लागते. गालिच्यासाठी घडवलेल्या रचनेला फरशीच्या घरात एवढी सवलत द्यावीच लागते.

सुट्या भागांसाठी संग्राहक त्याच मॉडेलची एक-दोन बंद यंत्रे जवळ ठेवतात. अशा यंत्रातून स्विच, पंख्याची पाती, झाकणाची कडी, चाके, आर्मेचर, एवढेच काय, मूळ स्क्रूही मिळतात, आणि मूळ स्क्रूंची किंमत ते हरवल्याशिवाय कळत नाही. परंतु झाकणाभोवतीचे रबरी कडे, मोटरखालच्या रबरी गाद्या आणि नळीचे अस्तर यांसाठी ते यंत्र कामाला येत नाही, कारण त्यातले रबरही त्याच वयाचे असते आणि त्याच कारणांनी गेलेले असते. ते भाग नव्याने करावे लागतात. झाकणाचे कडे योग्य जाडीच्या निओप्रीनच्या पत्र्यातून कापता येते, पण कापण्यापूर्वी जुन्या, आकसलेल्या कड्याचे माप न घेता खोबणीचे माप घ्यावे. मोटरखालच्या गाद्यांसाठी फार टणक रबर घेतल्यास सगळी थरथर डब्यात उतरते आणि फार मऊ घेतल्यास मोटर तिरकी बसून पंखा कवचाला घासतो. हार्डवेअरच्या दुकानात बोटाने दाबून दोन-तीन प्रकारचे तुकडे घरी आणावेत, एकेक बसवून यंत्र चालवून पाहावे, आणि जो तुकडा बसला त्याची जाडी व दुकानदाराने सांगितलेले नाव यंत्राच्या पोटात चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहून ठेवावे, कारण काही वर्षांनी तोही बदलावा लागणार आहे.